थोरल्यांच्या मागे गिरजामावशी

माझ्या गिरजामावशीचे थोरले दीर महिपतीतात्या यांना उभ्या जन्मात कुणी ओझं उचलताना पाहिलेलं नाही. छत्री तेवढी उचलायचे, आणि तीही बांधावरचं गवत बाजूला सारायला. निडीच्या पलीकडे, रोह्याच्या अंगाला त्यांचं गाव. भाताची आणि वालाची शेती. शेतावर जायची वेळ झाली की तात्या रिकाम्या हातांनी पुढे आणि मावशी डोक्यावर भारा घेऊन मागे. तात्या मधेच विडी पेटवायला थांबत. मग कुणीतरी ओळखीचं भेटे, गप्पा सुरू होत, दुसरी विडी निघे. मावशी तेवढा वेळ डोक्यावरच्या ओझ्यासकट मागे उभी. थोरल्या दिराला ओलांडून पुढे जायचं नाही, अशी त्या घराची रीत होती.

दिराशी बोलायचंही नाही. जेवण वाढताना काही विचारायचं झालं तर मावशी चुलीजवळच्या मांजरीला विचारायची, "भात आणू का गो अजून?" आणि तात्या गंभीर चेहऱ्याने मांजरीला सांगायचे, "थोडा आण. आमटी पण आण." हे ऐकून लोकांना हसू येतं. मी ते लहानपणापासून बघत आले आहे आणि मला संतापच येतो. एक धडधाकट बाई सत्तरएक वर्षं मांजरींशी बोलत जगली. मांजरी मरत गेल्या, नव्या येत गेल्या. तात्या मात्र तेच.

मावशी त्या घरात आली तेव्हा देश स्वतंत्र व्हायचा होता, आणि तिचं वय परकर नेसून हुंदडायचं होतं. माझी आई तिची धाकटी बहीण. आई पेणला दिली म्हणून मी शिकले, मास्तरीण झाले. मावशी भातशेतीत दिली म्हणून ती चिखलात गेली. तिचा नवरा तरुणपणीच तापाने गेला. एक मुलगा झाला होता, तोही राहिला नाही. माहेरी परत न्यायला आजोबा गेले तेव्हा तात्यांनी डोळ्यांत पाणी आणून म्हटलं होतं म्हणे, "आमच्या घरची लक्ष्मी हाय ती, आम्ही नाय पाठवायचो." राबायला फुकटची बाई असली की काही घराण्यांना अशी माया फुटते. आजोबांना गहिवरून आलं. ते जेवून परत आले.

मुलगा झाला ते दिवस लावणीचे होते. ओली बाळंतीण गुडघाभर चिखलात उभी केली त्या घराने. त्यात तिचं अंग खाली आलं ते कायमचं. अंग बाहेर येणं म्हणजे काय ते बायकांना सांगावं लागत नाही आणि पुरुषांना सांगून उपयोग नसतो. लुगड्याच्या आत फडकं घट्ट आवळून बांधायचं आणि कामाला लागायचं, एवढाच उपाय तिला ठाऊक होता. त्या फडक्यावर तिने अख्खं आयुष्य काढलं. घरात कुणाला पत्ता नव्हता. असला तरी कुणी विचारलं नसतं.

मला कळलं ते अगदी अलीकडे, मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर. मावशी पेणला माझ्याकडे राहायला आली होती. जेवायला पाट मांडला तर बसेना. भिंतीला टेकून उभी राहिली.

"इंदू, बसवत नाय गो आता," ती म्हणाली. "लघवीला पण तरास होतो. रगत जातं."

एवढं बोलून ती अशी वरमली की जणू चोरी पकडली गेली होती.

दुसऱ्याच दिवशी मी तिला बायकांच्या डॉक्टर सुहासिनी मॅडम यांच्याकडे नेलं. मॅडम चांगल्या आहेत, म्हणजे तपासताना पेशंटच्या तोंडाकडे बघतात. त्यांनी गर्भाशय आत धरून ठेवणारी रिंग बसवून पाहिली, ती राहिना. जखमही झाली होती. मग त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "ऑपरेशन केलं तर आजी उरलेले दिवस सुखाने बसतील, उठतील, झोपतील. नाही केलं तर हे वाढत जाणार. पण ऐंशीच्या पुढच्या माणसाला भूल द्यायची तर हृदय आणि फुफ्फुसं तेवढी दमदार आहेत का ते आधी बघायला हवं. हृदयाच्या डॉक्टरांनी फिट म्हटलं की मी लगेच घेते."

म्हणजे मावशीने सुखाने बसायचं की नाही, ते आता हृदयाच्या डॉक्टरांच्या हातात होतं. हे शरद सर. आठवड्यातून एकदा बाहेरगावाहून मॅडमच्याच इस्पितळात येतात. नाडी धरून घड्याळाकडे बघतात तेव्हा वाटतं ठोके मोजताहेत. पण परतीच्या गाडीचा विचार चाललेला असतो. म्हाताऱ्या माणसांशी ते मोठ्याने बोलतात, बहिरी नसली तरी. आणि उत्तर येण्याआधीच पुढचा प्रश्न विचारतात.

मावशी तोवर गावी परतली होती, आणि तपासणीच्या दिवशी मला नेमकं अलिबागला कार्याला जावं लागलं. मी गावी निरोप धाडला होता की घरातल्या एखाद्या सुनेने मावशीला आणावं. सुनांना सवड नव्हती. नातू कंपनीत, शिफ्टला. मग तात्या स्वतः निघाले. घरी पोटाचं दुखणं म्हणून सांगितलं होतं, त्यापलीकडे त्यांना काही माहीत नव्हतं आणि काही जाणून घ्यायचंही नव्हतं. नव्वदी गाठलेला हा माणूस काठी टेकत, जन्मभराच्या विड्यांनी खोकत, भावजयीला दवाखान्यात घेऊन गेला, याचं गावात केवढं कौतुक झालं असेल.

मी संध्याकाळी परतले तेव्हा तात्या माझ्याच पडवीत माझ्याच आरामखुर्चीत पसरले होते. मावशी आत माझ्या ओट्याशी भाकऱ्या थापत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"तपासणी झाली दोघांची," तात्या म्हणाले.

"दोघांची? तुमची कशाला?"

"वा! घरचा कर्ता कोण? मी बोललो डॉक्टरला, माझी पण छाती बघ. बघितलान बिचाऱ्यानं."

मग त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. डॉक्टरांनी मावशीला विचारलं की आजी, दिवसभरात काय काम करता? तात्यांनी उत्तर दिलं, "काय करनार या वयात? बसून असते." डॉक्टरांनी विचारलं, जिना चढता का? तात्यांनी सांगितलं, "नाय." घराला जिनाच नाही, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

"अहो, पण तिला विचारत होते ना? तुम्ही कशाला बोललात?"

तात्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "माझ्याम्होरं ती कशी बोलंल? मास्तरीण असून तुला एवढं कळत नाय?"

पुढे नळीत फुंकायची तपासणी झाली. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोराने सोडायचा, त्यावरून फुफ्फुसांची ताकद कळते. मावशीने दिरासमोर तोंड उघडं कसं टाकायचं म्हणून पदर ओढून घेतला आणि पदरासकट नळी तोंडात धरली. वारा लुगड्यातच गेला. "काटा हललाच नाय तिचा!" तात्या खदाखदा हसले, खोकले, परत हसले. "माझा हलला."

शेवटची तपासणी चालण्याची. तरण्यांना चालत्या पट्ट्यावर पळवतात, पण म्हातारी माणसं त्यावरून पडतात. म्हणून त्यांना सरळ लांब बोळात सहा मिनिटं येरझाऱ्या घालायला लावतात. बोटाला चिमटा लावलेला असतो, त्यावर रक्तातला प्राणवायू आणि नाडी दिसते. किती अंतर चालली, किती धाप लागली, कुठे थांबली, यावरून हृदयाचा दम जोखायचा. साधी, प्रामाणिक तपासणी आहे. तिचं वाटोळं करायला शरद सरांसारखा घाईतला माणूस लागतो. वेळ वाचावा म्हणून त्यांनी दोघांना एकाच बोळात एकदमच सोडलं.

"दोघं सारखंच चाललो," तात्या समाधानाने म्हणाले. "मी थांबलो तिथं ती पण थांबली. डॉक्टर बोलला, दोघांची हृदयं सारखीच थकलीत. हिला आप्रेशन झेपायचं नाय. गोळ्या दिल्यान दोघांना. मी आधीच बोललो व्हतो, वय झालं आता, कशाला पायजे कापाकापी."

माझ्या डोळ्यांसमोर बांध उभा राहिला. पुढे तात्या, मागे मावशी. मी तशीच आत गेले.

"मावशी, बोळात चालताना तुला दम लागला होता का?"

"नाय गो."

"मग थांबत का होतीस?"

"थोरलं थांबलं ना."

"अगं, डॉक्टर तुझी छाती जोखत होते! तू थांबलीस म्हणून त्यांनी तुला नापास केलं. आता ऑपरेशन नाही म्हणतात."

मावशीचा भाकरीवरचा हात थांबला. तिला ते खरंच ठाऊक नव्हतं. कुणी तिला सांगितलंच नव्हतं की हे चालणं कशासाठी आहे. ती म्हणाली, "मग काय थोरल्यांना मागं टाकून जाऊ? लोक काय बोलतील?"

मला त्या घटकेला तात्यांपेक्षा तिचाच जास्त राग आला. कोण लोक? त्या बोळात फार तर एक झाडूवाली, एक सिस्टर आणि मोबाईल बघणारा डॉक्टर, एवढे लोक. त्यांच्यासाठी ही बाई मरेपर्यंत फडकं बांधून उभ्याने जेवणार होती. मी तिला वाट्टेल ते बोलले. ती ऐकत भाकऱ्या थापत राहिली, आणि पहिली गरम भाकरी तात्यांच्या ताटात गेली.

पुढच्या आठवड्यात मी शरद सरांना गाठलं. सगळा प्रकार सांगितला. ते हसले. "बाई, हृदयाला दीर-भावजय कळत नाही. अंतर कमी पडलं म्हणजे कमी पडलं." एवढं शिकून माणसाला एवढंच कळावं, याचं मला नवल वाटलं नाही. मी सुहासिनी मॅडमकडे जाऊन बसले आणि उठलेच नाही. शेवटी त्यांनी शरद सरांना फोन केला आणि तपासणी पुन्हा करायचं ठरलं.

मावशीला आणायला मी स्वतः गावी गेले. घरी कळलं, ती डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीकडे पातेरा, म्हणजे वाळका पाला, आणायला गेली आहे. बसून असणारी बाई! मी शोधत गेले तर ती उतारावरून खाली येत होती, डोक्यावर पातेऱ्याची टोपली, एक हात कमरेखाली त्या फडक्यावर दाबलेला. मी रिकाम्या हातांनी तिच्याबरोबर घरापर्यंत चालले आणि मलाच धाप लागली. ती मधेच म्हणाली, "थांबू का गो तुझ्यासाठी?" घरात आल्यावर तात्यांच्या उशाशी दोन्ही गोळ्यांची पाकिटं दिसली. मावशीच्या गोळ्याही तेच खात होते. घरात औषध आलं की ते आधी कर्त्याचं.

तिला एकटीला न्यायचा माझा बेत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही निडी स्टेशनावर पोचलो तर बाकावर आमच्या आधीच येऊन बसलेले तात्या. धुवट धोतर, टोपी, काठी.

"तुम्ही कुठे?"

"घरची बाई एकटी कशी धाडायची?"

"मी आहे ना!"

"तू माहेरची."

गाडीत ते खिडकीशी बसले. मावशी दरवाजाजवळ उभी राहिली, कारण तिला बसता येत नव्हतं. नागोठणं गेलं, पेण आलं. सगळ्या वाटेत तात्यांनी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि याला ते स्वतःचा सभ्यपणा समजत होते.

इस्पितळात शरद सरांनी घाईघाईने सिस्टरला खूण केली. मावशीच्या बोटाला चिमटा लागला. बोळाच्या दोन टोकांना लाल पट्ट्या होत्या, त्यांच्यामध्ये चालायचं. मी तिला शंभरदा समजावलं होतं. आज तुझ्या पुढे कुणी चालणार नाही, मोकळी चाल, दम लागला तरच थांब. तिने मान डोलावली होती. सिस्टर म्हणाली, "चला आजी." मावशी निघाली. टाच आपटत, सरळ मानेने, चढावर चालायची सवय असलेली चाल.

अर्ध्या बोळात ती थांबली.

तिथे भिंतीला लागून एक बाक होता, आणि बाहेर बसायला सांगितलेले तात्या त्या बाकावर येऊन बसले होते. पाय पसरून, काठी आडवी टाकून. त्यांच्यासमोरून जायचं म्हणजे पसरलेल्या पायांवरून, उघड्या तोंडाने. मावशीने पदर पुढे ओढला आणि खांबासारखी उभी राहिली.

"आजी, थांबू नका. वेळ चाललाय," सिस्टर म्हणाली.

मी धावत गेले. "तात्या, उठा. बाहेर बसा."

"का? मी नाय जायचा. हिची छाती चालते का नाय ती बघायला आलोय मी."

"तुम्ही इथे आहात म्हणून ती चालत नाहीये!"

"मग नसंल चालत तिच्यानं. मी काय धरून ठेवलीय?" त्यांनी पाय तेवढेच पसरलेले ठेवले.

बोळाच्या टोकाला शरद सरांनी मोबाईलवरून नजर न काढता विचारलं, "काय, झालं का यांचं? लिहू का पूर्वीचंच?"

मी तात्यांचा दंड धरून ओढणार होते. नव्वदीचा म्हातारा पडला असता तर पडला असता, माझी तेव्हा तेवढी तयारी होती. पण त्याआधी मावशी बोलली. इकडेतिकडे बघून तिने मांजर शोधलं असेल की काय, देव जाणे. तिथे मांजर नव्हतं. भिंतीलाही ती बोलली नाही.

"थोरलं," ती म्हणाली, "पाय घ्या वर. आन तोंड फिरवा."

तात्यांचं तोंड उघडं पडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सिस्टरकडे, की बोललं कोण. तिचा आवाज त्यांनी इतक्या जवळून, इतक्या वर्षांत स्वतःला उद्देशून कधी ऐकलाच नव्हता.

"तोंड फिरवा," मावशी पुन्हा म्हणाली. "मला जायचंय."

रीत तीही होती. बाईला वाट हवी असेल तर पुरुषाने तोंड फिरवायचं. तात्यांना ही रीत चांगली ठाऊक होती, पण त्यांच्याकडे कुणी ती कधी मागितली नव्हती. आता चारचौघांत मागितल्यावर नाही म्हणायची सोय राहिली नाही. रीतीच्या जोरावर जन्म काढलेला माणूस, रीत मोडणार कसा? त्यांनी पाय वर घेतले, काठी उचलली आणि कण्हत कण्हत भिंतीकडे तोंड करून बसले.

मावशी निघाली. जाताना एकदा, येताना एकदा, पुन्हा जाताना, पुन्हा येताना, तात्यांच्या पाठीमागून तिच्या टाचा वाजत राहिल्या. त्यांची टोपी दर वेळी किंचित हलायची, पण मान वळली नाही. ती किती जोरात चालते आहे हे त्यांना नुसत्या आवाजावरून ऐकावं लागत होतं. मला याहून जास्त सुख देणारी शिक्षा सुचली नसती. शरद सरांनीही मोबाईल खिशात टाकला आणि ओरडले, "आजी, सावकाश! सावकाश!" ती सावकाश झाली नाही. सिस्टरने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा कुठे थांबली. धाप लागली होती, पण शब्द फुटत होते. चिमट्यावरचा आकडा बघून सिस्टरच हसली.

"आता नळीत फुंकायचं," सिस्टर म्हणाली. मावशीने एकदा तात्यांच्या पाठीकडे बघितलं, पदर खांद्यावर टाकला, छाती भरून घेतली आणि फुंकलं.

शरद सरांनी आकडे दोनदा वाचले. "बरीच सुधारणा आहे," ते म्हणाले. "माझ्या गोळ्या लागू पडल्या." मी त्यांना सांगितलं नाही की त्या गोळ्या कुणाच्या पोटात गेल्या. त्यांनी फिट म्हणून लिहिलं, मला तेवढंच हवं होतं. सुहासिनी मॅडमनी खालच्या मजल्यावर तारीखही देऊन टाकली.

मी वर आले तेव्हा बोळ रिकामा झाला होता. मावशी भिंतीला टेकून पाणी पीत होती. आणि तात्या अजून तसेच, भिंतीच्या रंगाकडे बघत बसलेले. झालं म्हणून कुणी सांगितल्याशिवाय वळायचं नाही, हेही त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. खोकला आला तरी ते भिंतीकडेच खोकत होते.

"झालं की गं मावशी. सांग त्यांना वळायला," मी म्हणाले.

मावशीने पेला रिकामा केला, तोंड पुसलं, आणि निवांत पाठ टेकली.

"ऱ्हाऊ दे वाईच," ती म्हणाली. "मी लई उभी ऱ्हायलेय त्यांच्यासाठी."